गृहशिक्षण आणि स्वरचित नाट्य : ‘चौघीजणी’तील एका प्रसंगाचा अर्थ

लुइझा मे अल्कॉट (१८३२–१८८८) या अमेरिकन लेखिकेची ‘लिटल विमेन’ ही कादंबरी मराठी वाचकाला शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे परिचित आहे. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या भागात, नाताळच्या रात्री चार बहिणी घरातच एक भीषण नाटक करून दाखवतात. हा प्रसंग सामान्यतः विनोदी म्हणून वाचला जातो. परंतु घरी शिकणाऱ्या मुलांनी स्वतः नाटक रचले तर त्यातून काय साधते, हे समजून घेण्यासाठीही तो उपयुक्त आहे.

या प्रसंगाला वास्तवाचा आधार आहे. लेखिकेचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे शिक्षणविषयक नवे प्रयोग करणारे विचारवंत होते. त्यांनी १८३४ साली बोस्टन येथे काढलेली शाळा काही वर्षांतच बंद पडली. मुलींचे शिक्षण मुख्यतः घरीच झाले. कॉन्कॉर्ड येथील वास्तव्यात थोरली बहीण अ‍ॅना आणि लुइझा यांनी नाटके लिहून ती घरच्या मंडळींसमोर व शेजाऱ्यांसमोर केली. त्यांपैकी सहा नाटके ‘कॉमिक ट्रॅजिडीज’ या नावाने १८९३ साली, म्हणजे लुइझाच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाली. लेखन आणि प्रकाशन यांत सुमारे साडेचार दशकांचे अंतर असल्याने ही संहिता मूळ बालरचनेशी कितपत जुळते, हे अभ्यासकाने सावधपणे पाहावयास हवे.

या नाट्यप्रकाराचे तीन विशेष नोंदवता येतात. पहिला रचनेचा. मूळ कादंबरीत नटसंच लहान असल्याने दोन प्रमुख अभिनेत्रींना अनेक भूमिका कराव्या लागतात. पुरुषपात्रे ज्यो रंगवते, आणि तिचे आवडते बूट खलनायकाच्या पायांत दिसतात तसेच नायकाच्याही. एकाच नटाकडे दोन भूमिका असल्या की ती पात्रे एकत्र आणता येत नाहीत, वेषांतरापुरता अवधीही द्यावा लागतो. प्रवेशांची जुळणी ही गोष्ट येथे गरजेतून शिकली जाते.

दुसरा विशेष प्रेक्षकांचा. घरी शिकणाऱ्या मुलाचे लेखन वाचणारे बहुधा आईवडीलच असतात. शेजारच्या मुली प्रेक्षक म्हणून आल्या की परक्या नजरेची कसोटी लागते. कादंबरीत मनोरा कोसळतो तेव्हा त्या मनसोक्त हसतात, तरीही प्रयोग पुढे चालू राहतो.

तिसरा विशेष आशयाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. ब्रॉन्सन यांच्या शिक्षणात संवाद, रोजनिशी, आत्मपरीक्षण आणि आत्मसंयमन यांवर भर होता. मुलींच्या नाटकांत मात्र शाप, विष, सूड आणि कैद यांची रेलचेल आहे. स्वतःच्या तापट स्वभावाशी लुइझाला सतत झगडावे लागले. ज्या संतापाला घरच्या नीतिपाठात जागा नव्हती त्याला रंगमंचावर पात्राच्या मुखाने उच्चार मिळाला, असा अन्वयार्थ लावता येतो. हेच नाटक वडिलांनी लिहिले असते तर ते बहुधा बोधपर झाले असते. घरात शिक्षक व पालक एकच असल्यामुळे मुलाला स्वतःचे असे शब्द सापडणे अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक आवश्यक असते.

मराठी बालरंगभूमीच्या अभ्यासाला येथून एक प्रश्न मिळतो. सुधा करमरकर यांची ‘लिटल थिएटर’ ही संस्था १९५९ मध्ये उभी राहिली. रत्नाकर मतकरी यांनीही १९६० च्या दशकात बालनाट्याची स्वतंत्र चळवळ चालवली. या परंपरेने मुलांना उत्तम नाटके दिली, परंतु संहिता प्रामुख्याने प्रौढांचीच राहिली. मतकरी यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम सुरू केला. त्यात वस्त्यांमधील मुलांनी आपल्या अनुभवांतून स्वतः नाटिका उभ्या केल्या. अल्कॉट भगिनींची सामाजिक परिस्थिती सर्वस्वी निराळी असली तरी दोन्हीकडे मूल लेखक होते, हे साम्य उरते. मात्र अशा संहिता प्रयोगानंतर सहसा जपल्या जात नाहीत. मराठी बालनाट्याच्या इतिहासात मुलांच्या लेखनाला स्थान द्यावयाचे तर या हस्तलिखितांचे संकलन हे पहिले काम ठरते.