पीएम: मशीनचं, माणसाचं आणि हवेतलं

(लेखमाला ‘दोनच अक्षरं’ : लेखांक ७)

पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीतल्या टपरीवर “उद्या पीएम आहे” असं कानावर आलं, तर दिल्लीचा विचार फक्त नवखाच करील. बोलणारा बहुधा मेंटेनन्सवाला असतो. उद्या मशीन काही तास बंद राहणार आणि प्रॉडक्शनवाले कुरकुरणार, एवढाच त्याचा अर्थ.

हे पीएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, बिघाडाआधीची देखभाल. सीएनसी लेथचं पीएम असेल तर कूलंटच्या टाकीत तळाशी बसलेला चिप्सचा गाळ काढायचा, स्लाइडवेला तेल पोचतंय का बघायचं, चकचे जॉ काढून साफ करायचे, पॅनेलच्या पंख्याची जाळी धुवायची आणि मग चेकशीटवर सही. (सही आधी, काम जमलं तर नंतर, ही पद्धतही आपल्याकडे आहेच.) पॉवर प्रेस असेल तर क्लच, ब्रेक, गार्ड आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची ती दोन बटणं आधी तपासायची. नग जास्त निघावेत म्हणून त्यातलं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं सापडतं. बोटं जातात ती अशा प्रेसवर. त्यामुळे पीएम पुढे ढकलणाऱ्याला मी तरी काटकसरी म्हणणार नाही.

जपाननं ही देखभालीची पद्धत अमेरिकेकडून घेतली आणि पुढे नेली. १९७१ मध्ये निप्पॉनडेन्सो कंपनीला तिथलं ‘पीएम’ पारितोषिक मिळालं, आणि ‘टीपीएम’ (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) हे नाव रुळलं. त्यात रोजची साफसफाई, तेलपाणी, नटबोल्ट आवळणं ऑपरेटरकडे आलं. चाकणच्या प्लांटमध्ये ‘जेएच’ (जिशु होझेन) म्हणतात ते हेच.

दुसरं पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम, शवविच्छेदन. ते संत तुकारामनगरला, वायसीएम रुग्णालयात होतं. अपघाती मृत्यू असला की पोलीस ठाण्यात ‘एडी’ दाखल होते (तिची गोष्ट पुढच्या आठवड्यात), पंचनामा होतो, मग पीएम. मृत्यूचं कारण त्या अहवालावरून ठरतं आणि भरपाईच्या दाव्यालाही तो लागतो. अडचण अशी की “पीएम झालं का?” हा प्रश्न मशीनसाठी आणि माणसासाठी अक्षरशः तोच आहे. कोण कुठे उभं राहून विचारतंय, यावरूनच तो कळतो.

पंतप्रधानांचा असा गोंधळ होत नाही, कारण ते आदरार्थी बहुवचनात ‘येतात’. ६ मार्च २०२२ ला ते पुण्यात आले आणि मेट्रो सुरू झाली. पिंपरी-चिंचवड महापालिका भवन ते फुगेवाडी या टप्प्यात कासारवाडी स्टेशनही होतं. घड्याळातलं पीएम इथे फारसं चालत नाही. कामगाराला फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्ट पुरते आणि लोकलचं वेळापत्रक चोवीस तासांचं असतं.

राहिलं हवेतलं पीएम, म्हणजे पार्टिक्युलेट मॅटर, तरंगणारे सूक्ष्म कण. बोअर गेजवर दहा मायक्रॉनचा फरक पकडणाऱ्या ऑपरेटरला ‘पीएम २.५’मधले अडीच मायक्रॉन समजावून सांगावे लागत नाहीत. त्याहून मोठी धूळ बरीचशी नाकाघशात अडकते. हे कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. डिझेलचा धूर, भट्ट्या, जाळलेला कचरा यांतून ते येतात, आणि थंडीत हवा जमिनीलगत कोंडली की साचून राहतात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली मर्यादा २५ वरून १५ वर आणली. भारताची २००९ पासून तीच आहे.