सुकाणू उजवीकडे, होडी डावीकडे

अंधेरीच्या सोसायट्यांत दोन खांबांच्या मधे गाडी रिव्हर्स घालणारे वस्ताद घरटी एक तरी सापडतील. त्यांतल्या एखाद्याला वर्सोव्याच्या खाडीत मासेमारीच्या बोटीवर सुकाणूपाशी उभं करा आणि म्हणा, घे मागे. तो सुकाणू उजवीकडे फिरवेल, इंजिन उलटं टाकेल आणि बोटीची पिछाडी निवांत डावीकडे चालू लागेल. आजूबाजूला बोटींची दाटी, आणि ब्रेक नावाची वस्तूच नाही.

बोट बिघडलेली नसते, तिची घडणच तशी असते. तळाला नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत एक जाड लाकूड जातं. होड्या बांधणारे त्याला पठाण म्हणतात. पठाण संपतो तिथे खाचेत पंखा आणि त्याच्या मागे सुकाणू. पुढे जाताना पंखा पाणी मागे फेकतो आणि ते थेट सुकाणूवर आदळतं, त्यामुळे बोट जागची हललेली नसली तरी सुकाणूत जीव असतो. पंखा उलटा फिरला की पाण्याचा झोत पुढे जातो आणि सुकाणू कोरडंच राहिल्यासारखं होतं. बोटीने मागे वेग घेतला तरच त्याला थोडं पाणी मिळणार. तेही वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने: वेग तिसऱ्या हिश्शावर आला, तर जोर नवव्या हिश्शावर येतो. दाटीत वेग घ्यायची सोय नाही, म्हणजे सुकाणू नावापुरतं.

त्यात पंख्याची स्वतःची एक खोड. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरून बोट पुढे नेणारा पंखा उजव्या फिरकीचा. रिव्हर्समध्ये तो उलटा फिरतो. झोत नुसता पुढे जात नाही, पिळा घालत जातो. उजव्या अंगाला हे पाणी वर चढून बोटीच्या कुशीला धडकतं, डाव्या अंगाला ते तळाखाली निसटतं. धडक एकाच बाजूला बसल्यामुळे पिछाडी डावीकडे ढकलली जाते. खालचं पाणी जड असतं म्हणून खालचं पातं जास्त ओढतं, असं एक सोपं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. पण हातभर खोलीत पाणी जड होत नाही, तेव्हा ते सोडून दिलेलं बरं.

कसलेला तांडेल या खोडीशी भांडत नाही, तिला कामाला लावतो. अरुंद जागेत बोट वळवायची तर तो सुकाणू पूर्ण उजवीकडे धरून इंजिनाला पुढचा छोटा झटका देतो. झोत सुकाणूवर आपटून पिछाडी डावीकडे फेकली जाते. बोट पुढे सरकायच्या आत लगेच रिव्हर्स, आणि पंख्याच्या खोडीने पिछाडी पुन्हा डावीकडेच जाते. सुकाणू हलवायचं नाही. चार-पाच झटक्यांत बोट जवळपास स्वतःच्या लांबीत उजवीकडे फिरते. डावीकडे असंच फिरवायला गेलात, तर पुढच्या झटक्यात कमावलेलं रिव्हर्समध्ये गमावता. धक्क्याला लावतानाही डावी बाजू लावणं सोयीचं, कारण थांबण्यासाठी रिव्हर्स दिला की पिछाडी आपणहून धक्क्याला चिकटते.

वारा मात्र कुणाचं ऐकत नाही. मागे जाताना नाळ वाऱ्याबरोबर वाहवत जाते आणि पिछाडी वाऱ्याकडे तोंड करू पाहते. दुपारच्या पश्चिम वाऱ्यात हे फार जाणवतं. प्रवाहाचा उपयोग करून घेता येतो. उधाणाला मुंबईत भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आणि सुकती लागली की ते सगळं खाडीच्या तोंडातून बाहेर धावतं. या ओढीवर नाळ धरून धक्क्याकडे आलात, तर बोट जमिनीच्या हिशेबाने उभी असली तरी सुकाणूवरून पाणी वाहतच असतं. सुकाणूला जमीन कळत नाही, पाणी कळतं. आणि धक्क्यावरून निघताना काहीच साधलं नाही तर दोर आहेच: नाळेचा दोर धक्क्यावर मागच्या खुंटाला बांधायचा, सुकाणू धक्क्याकडे करून इंजिन हळू पुढे द्यायचं. दोर ताणतो, मधले जुने टायर दबतात आणि पिछाडी आपोआप बाहेर येते.

एवढी कटकट, त्यात लांब पठाण बोटीला सहज वळू देत नाही, तर तो ठेवायचाच कशाला? याचं उत्तर मुंबईतच बांधलेल्या एका सागवानी शिडाच्या बोटीने दिलं. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ ही 32 फुटांची, लांब पठाणाची बोट डिसेंबर 1964 मध्ये इथे पाण्यात उतरली. 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून निघून 22 एप्रिल 1969 रोजी ती तिथेच परतली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पुरी झाली होती, 312 दिवसांत. वाटेत आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, तेव्हा शिडांचा तोल साधून ती स्वतःच सरळ चालत राहिली. रिव्हर्समध्ये जो हट्टीपणा वाटतो, तोच तिथे उपयोगी पडला. या प्रवासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 2018 मध्ये झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत लांब पठाण आणि त्यालाच जोडलेलं सुकाणू ही अट होती. भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमीने त्यासाठी ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘तुरिया’ गोव्यात बांधून घेतली. आजच्या बहुतेक यॉटना आखूड पठाण आणि त्यापासून सुटं सुकाणू असतं. त्या मागे शहाण्यासारख्या जातात, पण समुद्रात त्यांना सतत सांभाळावं लागतं.

पुढच्या वेळी वर्सोव्याहून मढला फेरीबोटीने जाल, तेव्हा धक्क्यावरून रिव्हर्स देताच पहिले दोन-तीन सेकंद पिछाडीकडे पाहा. पंखा एकच असेल, वारा पडलेला असेल आणि ती डावीकडे सरकली, तर पंखा उजव्या फिरकीचा.