देव आणि भक्त : ख्रिस्ती श्रद्धेंतील प्रेमाचें नातें

देवाला माउली म्हणणारा भक्त महाराष्ट्राला नवा नाहीं. मुरबाड-शहापुराकडील खेड्यांतून संध्याकाळीं टाळ वाजूं लागले म्हणजे अक्षरओळख नसलेला शेतकरीही देवाशीं लडिवाळपणें बोलतो, प्रसंगीं भांडतो, आणि त्या भांडणांतही त्याला आपलेपणाच वाटतो. अशा प्रदेशांत वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्म हा प्रेमाचा धर्म आहे असें सांगितलें, तर तो सहजच विचारील कीं, मग त्यांत वेगळें तें काय? देवाचें भक्तावर प्रेम असतें आणि भक्ताचें देवावर, हें तर घरोघरच्या आजीबाईंनाही ठाऊक आहे.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाडवरून जाऊन माळशेज घाट चढतो आणि पुढें अहमदनगरास पोहोंचतो. २०२४ सालापासून ह्या शहराचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे. ह्या रस्त्याच्या एका टोंकास, कल्याणास, नारायण वामन टिळक ह्यांचें लहानपणचें शिक्षण झालें. दुसऱ्या टोंकास, नगरास, ते ख्रिस्ती उपदेशक आणि कवि म्हणून नांवारूपास आले. वारकऱ्यांची भक्ति आणि ख्रिस्ती श्रद्धा ह्या दोहोंची गोडी ज्यानें चाखली, असा साक्षीदार ह्या विषयाला त्यांच्याहून चांगला मिळणें कठीण. परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं मूळ कल्पना समजून घेतली पाहिजे.

ख्रिस्ती मताप्रमाणें ह्या नात्यांतील पहिलें पाऊल भक्ताचें नसून देवाचें असतें. नव्या करारांत ह्या प्रेमासाठीं बहुधा ‘अगापे’ हा ग्रीक शब्द योजिला आहे. समोरच्याचे गुण पाहून उपजणारें, किंवा परतफेडीची वाट पाहणारें प्रेम तें हें नव्हे. सूर्य जसा चांगल्या-वाईटाची निवड न करितां उगवतो, तसें तें देणाऱ्याच्या स्वभावांतूनच वाहतें. म्हणून तें पुण्याईनें मिळवितां येत नाहीं आणि व्रतवैकल्यांनीं विकतही घेतां येत नाहीं. भक्तानें करावयाचें तें एवढेंच, कीं आधींच दिलेलें स्वीकारावयाचें आणि त्याला साजेसें वागावयाचें.

ही गोष्ट येशूनें एका दृष्टांतानें समजावून दिली आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत तो आढळतो. एका गृहस्थाचा धाकटा मुलगा बाप जिवंत असतांनाच आपली वाटणी मागतो. एकत्र कुटुंबांत ह्या मागणीचा अर्थ काय होतो, हें मराठी वाचकाला समजावून सांगावयास नको. बाप वाटणी देतो. मुलगा दूरदेशीं जाऊन सारें उधळतो, आणि दुष्काळ पडल्यावर डुकरें चारण्याची पाळी त्याच्यावर येते. तेव्हां तो घरीं परतण्याचें ठरवितो. पण मुलगा म्हणून नव्हे, तर मजूर म्हणून ठेवून घ्या, अशी विनंति तो मनांत घोळवीत येतो. इकडे बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धांवत सुटतो. घरचा वडील माणूस भर रस्त्यांतून धांवत नसतो. धांवला तर लोक हंसतात. ह्या बापाला त्याचें भान नाहीं. मुलाची विनंति पुरती होण्यापूर्वींच त्याच्या अंगावर उत्तम झगा, बोटांत आंगठी आणि पायांत जोडा येतो.

दृष्टांत येथें संपत नाहीं. थोरला मुलगा शेतावरून येतो, घरांतील गाणें-बजावणें ऐकतो आणि रागानें बाहेरच उभा राहतो. त्यानें इतकीं वर्षें राबून आज्ञा पाळली. त्याच्यासाठीं एक करडूंही कापलें गेलें नाहीं. त्याचा हिशेब चोख आहे, पण बापाच्या घरांत तो चाकराच्या वृत्तीनें राहिला. बाप त्याच्यासाठींही बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो. तो आंत गेला कीं नाहीं, हें येशूनें सांगितलेलें नाहीं. प्रत्येक धार्मिक, सदाचारी माणसानें तें स्वतःपुरतें ठरवावें, म्हणूनच जणूं तो शेवट मोकळा सोडलेला आहे.

मात्र अशी क्षमा म्हणजे डोळेझांक, असा समज होऊं नये. सावकारानें ऋणकोचें कर्ज सोडलें म्हणजे तें हवेंत विरून जात नाहीं. तो तोटा सावकाराच्याच वहींत चढतो. क्षमेचा भार क्षमा करणाऱ्यालाच सोसावा लागतो. ख्रिस्ती श्रद्धेंत क्रुसाला जें मध्यवर्ती स्थान आहे, त्याचें मर्म येथें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, पंतय पिलात हा रोमन सुभेदार असतांना, येशूला यरुशलेम नगरींत क्रुसावर मृत्युदंड झाला. माणसाच्या अपराधाचा तोटा त्या ठिकाणीं देवानें आपल्या अंगावर घेतला, असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे. देवाचें प्रेम भावनेवर किंवा अनुभवावर सोडून न देतां ते तें ह्या एका ऐतिहासिक घटनेवर उभें करतात. भक्तिमार्गाशीं कितीही साम्य दिसलें, तरी हा विशेष लक्षांत ठेवावा लागतो.

आतां भक्ताची बाजू. येशू प्रार्थनेंत देवाला ‘अब्बा’ म्हणून हांक मारी. हा त्याच्या बोलींतला, म्हणजे अरामी भाषेंतला, घरगुती शब्द. बापाला मुलें ज्या शब्दानें बोलावतात तो. नवा करार ग्रीक भाषेंत लिहिला गेला, तरी हा शब्द त्यांत कांहीं ठिकाणीं तसाच राखला आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत तर शेवटच्या भोजनप्रसंगीं येशू शिष्यांना दास न म्हणतां मित्र म्हणतो. धनी काय करतो हें दासाला कळत नाहीं. मित्राला मनांतलें सांगितलें जातें. म्हणून ख्रिस्ती प्रार्थना ही मागण्यांची यादी नसून संभाषण आहे, आणि त्यांत तक्रारीलाही जागा आहे. स्तोत्रसंहितेंतील कितीतरी स्तोत्रें, देव कां दूर राहिला, असा आक्रोश करणारीं आहेत. देवाचें प्रेम लाभलें म्हणजे दुःख टळतें, असें ही श्रद्धा सांगत नाहीं. दुःखांतही माणूस एकटा नसतो, एवढेंच ती सांगते.

हें नातें मराठींत बोलूं लागलें तें आजकालचें नव्हे. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि त्यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. परंतु ख्रिस्ती प्रेमाला वारकऱ्यांच्या जिव्हाळ्याची भाषा मिळाली ती टिळकांकडून. १८६१ सालीं कोंकणांत जन्मलेल्या ह्या चित्पावन ब्राह्मणाला राजनांदगांवच्या वाटेवर आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें नव्या कराराची प्रत दिली. त्यांतील डोंगरावरचें प्रवचन वाचून ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलों, असें ते मानीत. आणि आपल्या काव्यांत ख्रिस्ताला त्यांनीं गुरु आणि माउली ह्या दोन्ही नात्यांनीं आळविलें आहे. पित्याच्या प्रेमाचा दृष्टांत महाराष्ट्रांत येऊन असा आईच्या प्रेमाशीं जोडला गेला.

परंतु ह्या प्रेमाची किंमत एका घराला मोजावी लागली. टिळकांच्या धर्मांतरामुळें त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर आकाश कोसळलें. पतिपत्नींची ताटातूट झाली आणि लक्ष्मीबाईंना कांहीं वर्षें नातेवाइकांच्या आश्रयानें काढावीं लागलीं. देवावरील प्रेमानें माणसांचें घर मोडावें काय, हा प्रश्न येथें केवळ तात्त्विक राहत नाहीं. आणि टिळकांच्या थोरवीनें तो पुसूनही टाकतां येत नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्रांत लक्ष्मीबाईंनीं हे दिवस सांगितले आहेत. त्यांत दुःख आहे, विनोद आहे, पण कडवटपणा नाहीं.

पुढें त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांचें सोवळें-ओवळें सुटलें नव्हतें. पाणी वेगळें, स्वयंपाक वेगळा. मग त्यांच्या मनांत विचार आला कीं, ही जातपात देवानें केली कीं माणसानें? ती माणसाचीच करणी आहे अशी खात्री पटतांच, ज्याच्या हातचें पाणी विटाळ म्हणून नाकारलें त्याच्या हातचेंही पिण्यास त्यांची हरकत राहिली नाहीं. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ह्यांतील क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. बाप्तिस्म्याचें पाणी त्यांच्या मस्तकावर पडण्यापूर्वीं पिण्याच्या पाण्याचा विटाळ त्यांच्या मनांतून गेला होता.

योहानाच्या पहिल्या पत्रांतील कसोटी हीच आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रेम करीत नाहीं, त्यानें न दिसणाऱ्या देवावरील प्रेमाच्या गोष्टी सांगूं नयेत, असा त्याचा आशय. ह्या कसोटीला ख्रिस्ती समाज सर्वकाळ उतरला, असें म्हणतां येणार नाहीं. महाराष्ट्रांतील मंडळ्यांतूनही जातिभेदाचे अवशेष राहिले. टिळकांना स्वतःला ही उणीव बोंचत असे. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ह्या नांवानें एक बंधुसंघ उभारावयास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व चाहते त्यांत एकत्र बसावे, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजीं त्यांचा अंत झाला आणि तें काम अपुरें राहिलें.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, ख्रिस्ती श्रद्धेंत प्रेमाचा आरंभ देवाकडून होतो, क्षमेचा भार देव स्वतः उचलतो, आणि त्या प्रेमाची पावती देवघरांत नव्हे, तर शेजाऱ्याच्या दारीं मागितली जाते. ही श्रद्धा ज्याला मान्य असेल त्यानें ती पाळावी. नसेल त्यालाही ही शेवटची कसोटी परकी वाटूं नये. आपल्या संतांनींही देवाचें घर माणसांतच दाखविलें आहे.