बेडरूमला वुडन फ्लोअरिंग करताय? आधी कूलर कुठे ठेवणार ते ठरवा

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बेडरूममध्ये कूलर येतो. लॅमिनेट वुडन फ्लोअरिंगची खरी अडचण इथेच आहे. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. कूलरचं सांडलेलं किंवा फरशी पुसतानाचं पाणी सांध्यांत मुरलं की पट्ट्या फुगतात आणि पुन्हा सपाट होत नाहीत. पैसे वाया!

व्हिट्रिफाइड टाइल जास्तीत जास्त ०.५ टक्के पाणी शोषते. ग्लॉसीपेक्षा मॅट घ्या, कमी घसरते. कोटा फरशी पायाला गार लागते, पण पॉलिशचा खर्च धरा. हिवाळ्यात पाय गारठतात? त्यावर जळगावचीच प्लास्टिक चटई आहे.

जुन्या फरशीवरच टाइल बसवणार असाल, तर दार घासेल का, हे आधी मोजा.