विश्लेषण : साताऱ्याहून सांगलीला जाताना कारमधला रेडिओ का खरखरतो? उपाय काय?

साताऱ्यात आकाशवाणीचे १०३.१ एफएम स्वच्छ लागते. कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीकडे निघाले, की आवाज विरत जातो. मग रेडिओ बिघडला असे समजून तो बंद केला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा रेडिओचा नसतो, सेटिंगचा असतो.

खरखर कशामुळे?

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, की त्या अडतात. खंबाटकीच्या बोगद्यात तर आवाज तुटतोच. एएमच्या मध्यम लहरी मात्र जमिनीलगत दूरवर पोहोचतात. १९६३ मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे सांगली केंद्र ओळखले जाते ते याच लहरींवरच्या १२५१ किलोहर्ट्झसाठी.

१२५१ हा आकडाच येत नसेल तर?

भारतात एएम केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने असतात. अमेरिकेत १० च्या. बाहेरून बसवलेला सेट अमेरिकी पद्धतीवर असेल, तर तो १२५० वरून थेट १२६० वर उडी मारतो. सेटिंगमध्ये ‘रीजन’ किंवा ‘एरिया’ शोधून युरोप वा आशिया निवडावे. काही नव्या गाड्यांत, विशेषतः इलेक्ट्रिक कारमध्ये, एएम नसतेच. मोटरच्या विद्युत गोंगाटाचा एएमला त्रास होतो, हे त्यामागचे एक कारण. गाडी घेतानाच हे विचारून घ्यावे.

आणखी काय तपासावे?

मोबाइलचा स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅम काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर चोर सापडला. छतावरचा अँटेना सैल नाही ना, हेही पाहावे. केंद्र लागल्यावर प्रीसेटचे बटण काही सेकंद दाबून धरले, की ते साठवले जाते. हे काम गाडी उभी असतानाच करावे.

बातम्या नीट ऐकू येण्यासाठी?

गाण्यांसाठी वाढवलेला बेस बोलण्याचे शब्द गिळतो. बातम्यांसाठी बेस कमी करून ‘मिड’ थोडा वाढवावा. ‘फेडर’ने आवाज पुढे-मागे, तर ‘बॅलन्स’ने डावी-उजवीकडे सरकतो. मागे कोणी नसेल, तर आवाज पुढच्या स्पीकरवर घ्यावा. रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू येईल, इतकाच आवाज ठेवावा.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?

अ‍ॅपवर रेडिओ ऐकायला इंटरनेट लागते, कारच्या रेडिओला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपुढे गेली होती. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी वीज जाते, मोबाइलचे टॉवर बंद पडू शकतात. तेव्हा उंचावर सुरक्षित उभी असलेली कार बातम्या ऐकण्याचे साधन ठरते. इंजिन बंद ठेवून रेडिओ लावता येतो. मात्र बॅटरी उतरू नये म्हणून बातम्यांपुरताच लावावा. पाणी शिरलेली गाडी चालू करू नये.

पावसाळ्यापूर्वी वायपर, ब्रेक तपासले जातात. त्याच वेळी १०३.१ आणि १२५१ साठवून ठेवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.