‘कट्‌’ असा आवाज आला म्हणजे कंबर बरी झाली?

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी तेलाचं मालीश सुचवतं, कुणी हाडवैद्याचा पत्ता देतं, कुणी पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायला सांगतं. आता त्यात मोबाईलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. कायरोप्रॅक्टर पाठीला हिसका देतो, ‘कट्‌’ असा आवाज येतो आणि वाकून आलेला माणूस ताठ उभा राहतो. दुखण्याने मेटाकुटीला आलेल्याला ते पाहून आशा वाटते, यात नवल नाही. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. माणसाला वर्षानुवर्षं अडवून ठेवणाऱ्या दुखण्यांत ती सर्वांत पुढे आहे. अशा वेळी हाताने होणाऱ्या या उपचाराकडून काय मिळू शकतं आणि काय नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

गैरसमज १ : मणका सरकलेला असतो आणि हिसक्याने तो जागेवर बसतो.

वस्तुस्थिती : या समजाचं मूळ कायरोप्रॅक्टिकच्या जन्मातच आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट इथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत सुरू केली. मणके किंचित जागचे हलतात, मज्जातंतूंवर दाब येतो आणि त्यातून रोग होतात, असं ते मानत. ‘सबलक्सेशन’ ही त्यांची कल्पना रोगाचं कारण असल्याचा पुरावा संशोधनात मिळालेला नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये हे जाहीर केलं.

मणके अस्थिबंधांनी आणि स्नायूंनी भक्कम बांधलेले असतात. त्यांच्यामधली गादीही दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. ती सरकत नाही. तिचा मऊ भाग फुगतो किंवा बाहेर येतो. काही जणांचा मणका खरोखर पुढे सरकलेला असतो, पण तो एक्स-रेमध्ये दिसतो आणि हाताने ढकलून मागे जात नाही. मग हिसक्यानंतर बरं का वाटतं? आखडलेले स्नायू काही काळ सैल पडतात, वेदनेची जाणीव मंदावते आणि हालचालीची भीती कमी होते, असं संशोधकांचं आजचं आकलन आहे.

गैरसमज २ : जितका मोठा आवाज, तितका चांगला उपचार.

वस्तुस्थिती : सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा अचानक ताणला की आतला दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी बोट मोडताना एमआरआय करून ही पोकळी प्रत्यक्ष टिपली. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. बोटं मोडली म्हणून हाडं जागेवर येत नाहीत, तसंच पाठीचंही आहे. आवाज आला नाही तरी आराम पडू शकतो आणि मोठा आवाज येऊनही दुखणं तसंच राहू शकतं.

गैरसमज ३ : एमआरआयमध्ये मणक्यांची झीज दिसली, म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं.

वस्तुस्थिती : पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज आढळली. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होतं आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती. केस पिकतात तशी मणक्यांचीही झीज होते. कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत एकच एक बिघाड दाखवता येत नाही. त्यामुळे अहवाल वाचून आपली पाठ ‘खलास झाली’ असा निष्कर्ष काढू नका. कायरोप्रॅक्टरने किंवा आणखी कुणी तो अहवाल दाखवून घाबरवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

गैरसमज ४ : कायरोप्रॅक्टिक एक तर रामबाण, नाही तर निव्वळ थोतांड.

वस्तुस्थिती : पुरावा या दोन टोकांच्या मध्ये आहे. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्यांवरच्या हस्तोपचाराने सहा आठवड्यांपर्यंत वेदना आणि हालचाल यांत माफक सुधारणा दिसली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीच्या उपचारांत त्याला जागा दिली आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सूचनांत मात्र एक अट आहे : तो व्यायामाच्या जोडीने द्यावा, एकटा नव्हे. दमा, रक्तदाब किंवा लहान मुलांच्या पोटदुखीसाठी पाठीला हिसके देण्याला भरवशाचा आधार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. उसण भरून सुरू झालेलं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बरंच कमी होतं. त्या काळात जो उपचार चालू असतो, त्यालाच श्रेय मिळतं, मग तो हाडवैद्य असो, पायाळू असो की कायरोप्रॅक्टर.

गैरसमज ५ : कंबर धरली की अंथरूण धरावं आणि पट्टा बांधावा.

वस्तुस्थिती : फिनलंडमध्ये झालेल्या चाचणीत झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे रुग्ण झोपून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. ही चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. फार दुखत असेल तर दिवसभर विश्रांती घ्यायला हरकत नाही, पण आठवडाभर पडून राहिल्यास स्नायू आणखी दुबळे होतात. जुनाट दुखण्यासाठी कंबरेचे पट्टे आणि वजन लावणं सरसकट वापरू नये, असंही जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुखणं परतू नये म्हणून काय करावं, याचं उत्तर अगदी साधं आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांतल्या काहींना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवण्याचा कार्यक्रम आणि पाठीविषयी माहिती दिली होती. त्यांचं दुखणं परतायला २०८ दिवस (मध्यक) लागले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचं ११२ दिवसांत परतलं. चालण्याला ना यंत्र लागतं, ना पॅकेज.

गैरसमज ६ : औषध नाही, सुई नाही, मग धोका कसला?

वस्तुस्थिती : हिसक्यानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं नेहमीचं आहे. पण हाडं ठिसूळ झाली असतील, मणक्याचा क्षयरोग, कर्करोग किंवा अस्थिभंग असेल, तर त्याच हिसक्याने मोठी इजा होऊ शकते. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो, म्हणून आधी निदान झालंच पाहिजे. मानेला जोराचा पीळ दिल्यावर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचितच घडतं, पण परिणाम आयुष्यभराचा असतो. तेव्हा मानेला हिसका देण्याआधी धोका समजावून सांगितला जावा आणि तुमची संमती विचारली जावी, हा तुमचा हक्क आहे.

ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोप मोडणारं दुखणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेली वेदना, पूर्वी झालेला कर्करोग : यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर गाठा. लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा पायांतली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे उशीर झाला तर अपंगत्व कायमचं राहू शकतं.

उपचार घेणार असाल तर

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी डॉक्टरांसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे चौकशीची जबाबदारी रुग्णावर येते. २००५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पूर्ण प्रशिक्षण चार वर्षांचं, किमान ४,२०० तासांचं असतं. समोरच्याने कुठे आणि किती वर्षं शिक्षण घेतलं, हे निःसंकोच विचारा. चांगला उपचारक तुमचा पूर्वेतिहास विचारतो, तपासतो, व्यायाम शिकवतो आणि काही भेटींत फरक पडला नाही तर थांबतो. पहिल्याच दिवशी वर्षभराच्या पॅकेजचे पैसे मागणारा किंवा आजन्म ‘मणके बसवून’ घ्यायला सांगणारा दिसला, तर तिथून निघा.

कुशल हातांनी मिळणारा आराम खरा असतो. त्या आरामाच्या दिवसांत चालायला लागणं, पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणं आणि वाकण्याची भीती सोडणं हे काम मात्र ज्याचं त्यानेच करायचं आहे. पाठीला टिकाऊ फायदा होतो तो त्यातूनच.