छायाचित्रातील वास्तूची ओळख

नोकरीनिमित्त कोलकात्यास राहणाऱ्या मराठी माणसास जुन्या इमारतींची छायाचित्रे घेण्याचा छंद जडावा, यात नवल नाही. माझ्यासारखे पुष्कळजण आपली छायाचित्रे ‘विकिमीडिया कॉमन्स’ या महाजालावरील मुक्त संग्रहात ठेवतात. चित्र ठेवणे सोपे. पण ते हवे तेव्हा सापडावे कसे?

समजा, कोणी चित्राखाली नुसते ‘टाउन हॉल’ एवढेच लिहिले. कोलकात्याचा टाउन हॉल १८१३ सालचा, मुंबईचा १८३३ सालचा. दोहोंच्या दर्शनी भागी उंच खांबच. उलट, येथील मैदानावरचा १८२८ सालचा मनोरा एकच. पण त्याचे ‘ऑक्टरलोनी मॉन्युमेंट’ हे नाव बदलून १९६९ साली ‘शहीद मिनार’ झाले. फार काय, खुद्द कलकत्त्याचेच २००१ साली कोलकाता झाले! तेव्हा नावावर भिस्त ठेवून भागत नाही. म्हणून ‘विकिडेटा’ या माहितीकोशात प्रत्येक वास्तूस एक स्वतंत्र क्रमांक देतात आणि तिची बंगाली, मराठी, जुनी, नवी अशी सारी नावे त्या क्रमांकाखाली नोंदवतात. २०१९ पासून कॉमन्सवरील चित्रासही, त्यात काय दिसते हे सांगणाऱ्या रकान्यात, हा क्रमांक जोडता येतो. कचेरीतील आवक-जावक नोंदवही ज्याने सांभाळली आहे, त्यास यातील सोय निराळी समजावून सांगावयास नको.

मात्र चित्राची माहिती वेगळी आणि वास्तूची वेगळी, हे पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. चित्र कोणी, केव्हा, कोठे उभे राहून घेतले, ही चित्राची माहिती. इमारत कोणी व केव्हा बांधली, ही वास्तूची. कलकत्ता विद्यापीठाचे सेनेट हाउस १९६० साली पाडण्यात आले. आता त्याचे रूप छायाचित्रांतच पाहावयाचे. असे जुने चित्र संगणकावर उतरवताना तारखेच्या रकान्यात आजचीच तारीख पडली, तर पाडलेली इमारत अद्याप उभी असल्याचा पुरावाच तयार होतो. अशी चूक एका जुन्या चित्राच्या बाबतीत मी स्वतः केली, आणि ती बरेच दिवस माझ्या ध्यानीही आली नाही.

याहून बिकट प्रकरण हॉलवेल स्मारकाचे. कर्झनने डलहौसी चौकाच्या कोपऱ्यावर उभारलेले हे स्मारक, सुभाषबाबूंनी पुकारलेल्या चळवळीनंतर, १९४० साली तेथून हलवून सेंट जॉन्स चर्चच्या आवारात नेण्यात आले. स्मारक एक, जागा दोन! १९३० सालच्या चित्रास आजच्या जागेचे अक्षांश-रेखांश जोडले, तर चित्रातील रस्ता व भोवतालच्या इमारती यांचा मेळच बसणार नाही. यासाठी विकिडेटात स्थळाच्या नोंदीस ‘केव्हापासून’ व ‘केव्हापर्यंत’ अशी जोड देण्याची सोय आहे; चित्राचे अक्षांश-रेखांश मात्र चित्र घेतले त्या वेळचेच हवेत. त्या चौकाचेही नाव आता बिनय-बादल-दिनेश बाग असे झाले आहे. तेव्हा नोंद करताना तेथेही क्रमांक लिहावा, हे बरे.